कॅनडा कॉर्नर ते कॅल्गरी

"किती तास लागतात हो?"

विमानाची तिकिटं विकण्याच्या धंद्यात मी तीसेक वर्षं काढली. त्यात हा प्रश्न जितक्यांदा ऐकला तितक्यांदा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. विचारणाऱ्याला तो साधा वाटतो. नाशिक ते पुणे किती तास, तसंच मुंबई ते शिकागो किती तास! पण मुंबई-शिकागोला माझ्याकडे चार उत्तरं असायची आणि चारही खरी. विमान हवेत असतं ते तास वेगळे. मधल्या विमानतळावर बसून काढायचे तास धरले की आकडा आणखी फुगतो. घड्याळाकडे बघून हिशेब केला तर तिसरंच काहीतरी निघतं, कारण तिकडे पोचल्यावर घड्याळ मागे गेलेलं असतं आणि प्रवासाचा निम्माअधिक वेळ कुणी चोरून नेल्यासारखा वाटतो. आणि चौथं उत्तर म्हणजे आपल्या घराचा उंबरा ओलांडल्यापासून समोरच्या घराच्या उंबऱ्यात पाऊल पडेपर्यंतचा वेळ. मी गिऱ्हाइकाला फक्त हे चौथं उत्तर द्यायचे. मुंबईच्या वाटेवर कसारा घाटात एखादा ट्रक आडवा झाला की बाकीची तिन्ही कागदावर राहतात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नर नावाचा भाग आहे. नाव कसं पडलं याची दर रिक्षावाल्याकडे वेगळी गोष्ट मिळते. माझं ऑफिस तिथे होतं. "कॅनडाला आम्ही रिक्षानं आलो, ताई" हा विनोद दर आठवड्याला कोणीतरी करी आणि मी दर आठवड्याला हसत असे. तो धंद्याचाच भाग होता.

अशा ऑफिसांच्या भिंतीवर घड्याळांची रांग असते, लंडन, न्यूयॉर्क, टोकियो वगैरे. सुरुवातीला मीही चार लावली होती. मग न्यूयॉर्कचा सेल संपला, पाठोपाठ लंडनचा संपला, आणि कित्येक महिने कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. तेव्हा तिन्ही काढून टाकली आणि एक नाशिकचं ठेवलं. ते मात्र मी रोज सकाळी रेडिओशी जुळवायची. बाकी कशात मी फार शिस्तीची नाही, पण त्या घड्याळाचा मला अभिमान होता.

घड्याळाखाली एक पृथ्वीचा गोल आणि दोऱ्याचं रीळ असे. लोक भिंतीवरचा नकाशा बघून येतात आणि मग विमान वाकडं का जातं म्हणून वाद घालतात. मी गोलावर मुंबईला दोऱ्याचं एक टोक धरायची, कॅल्गरीला दुसरं, आणि दोरा ताणायची. ताणला की तो थेट उत्तरेला चढतो, उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो आणि पलीकडे खाली उतरतो. नकाशात डावीकडे असलेलं गाव गोलावर डोक्यावरून पलीकडे निघतं. अंतर बारा हजार किलोमीटरच्या आसपास. सरळ विमान नाही, म्हणून आधी युरोपात उतरायचं आणि तिथून पुढे जायचं. त्यात हल्ली युद्धांमुळे कुठलं ना कुठलं आकाश बंद असतं, त्याचा वळसा वेगळा.

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याला अमेरिकेत मुलाकडे जायचं होतं. तिकीट निरखून ते म्हणाले, "ताई, जायला जास्त आन यायला कमी, आसं कसं? रस्ता तर तोच ना?"

मी वाऱ्याचं सांगायला तोंड उघडलं. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीमागून ढकलतो, वगैरे. पण त्यांचं उत्तर तयार होतं.

"समजलं. येताना गाडी रिकामी आसंल."

आयुष्यभर कांद्याचे ट्रक मुंबईला पाठवलेला माणूस. मी दोन वेळा समजावलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. परत आल्यावर ते मुद्दाम सांगायला आले की गाडी भरलेली होती, तरीही लवकर आली, ड्रायव्हर चांगला असणार.

पहिल्यांदा परदेशी निघालेल्या वयस्कर माणसांसाठी माझी एक पद्धत होती. त्यांना मी तासांत काही सांगत नसे, जेवणांत सांगायची. घरचं एक जेवण, विमानातली तीन, मध्ये एक अर्धवट झोप, की आली लेक समोर. त्यांच्या हातात जाड कागदाचं एक कार्ड द्यायची, मोठ्या मराठी अक्षरांत. त्यावर सगळ्या वेळा नाशिकच्या. "मनगटावरचं घड्याळ नाशिकचंच ठेवायचं. तिथली घड्याळं बघायची नाहीत, विमानात सांगतात ती वेळ ऐकायची नाही. ऐकलीत की गोंधळलात." इतक्या वर्षांत या पद्धतीनं कोणाचं विमान चुकलं नाही. एकदा चुकता चुकता राहिलं, तेवढंच सांगायला हा लेख लिहायला घेतला आहे.

दत्तूभाऊ आणि हिराबाई हे पिंपळगाव बसवंतचं जोडपं. द्राक्षाची बाग, दोघंही साठीच्या पुढची. एकुलती एक मुलगी मनीषा लग्न होऊन कॅल्गरीला. जावई खनिज तेलाच्या कामावर, पंधरा दिवस घरी तर पंधरा दिवस दूरच्या कामगार छावणीत. मनीषाला दिवस गेले होते. याआधी दोनदा मूल पोटातच गेलं होतं, आणि दोन्ही वेळा आई तिच्याजवळ नव्हती. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मुलीला माहेरी येता येत नाही म्हटल्यावर माहेरानं तिच्याकडे जायचं ठरलं. दोघांनी जायचं तर बाग कोणाच्या भरवशावर टाकायची, म्हणून एकट्या हिराबाई.

व्हिसा यायला उशीर झाला. डॉक्टरांनी दिलेली तारीख तोंडावर आली होती, जावई छावणीवर होता, पुढची विमानं भरलेली होती. एक जागा मिळाली, मी ती धरली, आणि दोघांना बोलावून नेहमीचं भाषण सुरू केलं. घरचं एक जेवण, विमानातली तीन...

"जेवनात नका सांगू ताई," हिराबाई म्हणाल्या. "त्या दिवशी माझी संकष्टी हाय."

मी म्हटलं, फळं मागवून ठेवते.

"फळं नाय. निरंकार हाय. मनीषा सुखरूप मोकळी होईस्तोवर निरंकार धरलीय. चंद्र उगवला की मंग सोडायची. विमानात चंद्र कव्हा उगवतो, तेवढं सांगा."

निरंकार म्हणजे पाण्याशिवाय काही नाही. मला आधी हसू आलं आणि मग ते गेलं. चतुर्थीचा चंद्र नाशिकला रात्री साडेनऊच्या सुमाराला उगवणार होता. पण हिराबाई पश्चिमेला निघाल्या होत्या. त्या जशा पुढे जाणार, तशी त्यांची रात्रही पुढे सरकणार. कॅल्गरी आपल्या साडेअकरा तास मागे आहे. तिथल्या चंद्राची वाट बघायची तर उपास जवळजवळ दीड दिवसाचा झाला असता.

"आन हिला शुगर हाय," दत्तूभाऊ म्हणाले. "गोळी घेती आन खात नाय. मागल्या संकष्टीला बागेत भवळ येऊन खाली बसली."

"बसले, पडले नाय," हिराबाई म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोरच पंचवटीत माझ्या धाकट्या दिरांना फोन लावला. भाऊजी तिथे गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, भिक्षुकी करतात. फोनवर आधी ते पोटभर हसले, मग गंभीर झाले. "वहिनी, पंचांग गावाचं असतं, ढगांचं नसतं. बाईंनी संकल्प नाशिकात सोडला ना? मग नाशिकचा चंद्रोदय धरायचा."

"असं शास्त्रात आहे का, भाऊजी?"

"नसेल. विमान तरी शास्त्रात कुठाय?"

हिराबाईंना ते पटलं. नाशिकचा चंद्र, नाशिकचं घड्याळ, साडेनऊ. मनगटावर बारीक काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं, ते त्यांनी माझ्या भिंतीशी जुळवून घेतलं. मी कार्ड लिहून दिलं. दुसरं विमान, नाशिकचे संध्याकाळचे पाच. दत्तूभाऊंचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. साडेनऊपर्यंत तरी ती कशी काढील, असं ते पुटपुटले. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि मी त्याचा अर्थ लावला नाही.

"त्या दुसऱ्या विमानात जेवन कव्हा देतेत?"

"उडाल्यावर तास-दीड तासानं."

त्यांनी मान हलवली.

या धंद्यातली आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. भाषा न येणाऱ्या माणसासाठी आम्ही व्हीलचेअर मागवतो. पाय ठणठणीत असले तरी चालतं. खुर्ची ढकलणारा माणूस उतरल्यापासून पुढच्या विमानाच्या दारापर्यंत नेतो, काही विचारावं लागत नाही, पाट्या वाचाव्या लागत नाहीत. अट एकच, त्यानं जिथे बसवलं तिथून उठायचं नाही. उठून हरवलेली माणसं शोधण्यात माझे काही दिवस फार वाईट गेले आहेत.

ठरल्या दिवशी जीप करून दत्तूभाऊ हिराबाईंना मुंबईला सोडून आले. विमान पहाटेचं होतं. परत येऊन ते घरी न जाता थेट माझ्या ऑफिसात आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिले. माझ्या स्क्रीनवर विमान कुठे आहे ते दिसतं हे त्यांना कळलं होतं. विमान युरोपात उतरल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी चहा मागवला, त्यांनी घेतला नाही. जागरणानं पित्त झालं असेल, असं मला वाटलं.

दुपारी तीन वाजून गेल्यावर माझा फोन वाजला. नंबर परदेशातला.

"ताई, इमान गेलं!"

हिराबाईंचा आवाज. शेजारच्या कुणा बाईंचा फोन घेतला होता, माझा नंबर कार्डावरून लावला होता.

"कोणतं विमान गेलं?"

"माझं. पाचाचं. इथं कोनीच नाय. खुर्चीवाला मला बसवून गेला त्यो आलाच नाय. मी चालले त्याला हुडकायला. पोरगी तिकडं एकटी हाय, ताई..." मग एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "हात लय कापतेत."

मी उभी राहिले होते. म्हटलं, "हिराबाई, उठायचं नाही. अजिबात उठायचं नाही. तुमच्या घड्याळात किती वाजलेत?"

"सहा वाजून गेले."

मी भिंतीकडे बघितलं. सव्वातीन. माझं घड्याळ चुकणं शक्य नव्हतं. हिराबाईंनी तिथली वेळ लावली म्हणावं, तर युरोप आपल्या मागे असतो, पुढे नाही. नाशिकच्या तीन तास पुढे म्हणजे जपानच्या अलीकडे कुठेतरी. तिकडची वेळ हिराबाईंच्या मनगटावर कशाला येईल?

मग मी कोपऱ्यात बघितलं. दत्तूभाऊ मांडीवरच्या टोपीची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

"दत्तूभाऊ?"

"इमानतळावर," ते म्हणाले, "पट्टा सैल झाला म्हनून मी घड्याळ मागून घेतलं. घट्ट करून दिलं."

"आणि?"

"तीन तास पुढं केलं. म्हंजे जेवन यील तव्हा हिच्या घड्याळात साडेनऊ व्हतील. जेवंल तरी. कार्डावरल्या पाचाचं ध्यानातच आलं नाय ताई."

खरं सांगायचं तर हिशेब अचूक होता. उड्डाण पाचला, जेवण साडेसहाला, त्यात तीन मिळवले की साडेनऊ. माझ्याकडे कामाला असलेल्या कुणालाही हे इतकं पटकन जमलं नसतं. आणि घड्याळ सोडून कशाकडे बघू नका, हे त्या बाईला बजावून सांगणारी मीच होते. माझी पद्धत माझ्याच अंगाशी आली होती.

मी फोनचा आवाज मोठा केला, तो टेबलावर ठेवला आणि हिराबाईंना सांगितलं की विमान गेलेलं नाही, अजून पावणेदोन तास आहेत, खुर्चीवाला येईल, आणि घड्याळ का पुढे गेलं ते तुमचे मालकच सांगतील. दत्तूभाऊंनी सांगितलं.

"तुमी माझं घड्याळ फिरवलं?"

"तुझी शुगर..."

"देवाच्या कामात?"

"देव समजून घेतो. शुगर नाय घेत."

"दोन लेकरं गेली तिची. तिसऱ्यासाठी धरलं व्हतं मी, तुमाला ठाव हाय." त्या रडत होत्या. हिराबाईंना रडताना ऐकून दत्तूभाऊ टेबलाजवळ आले, पण फोनला हात लावेनात. मग रडणं थांबलं आणि वेगळ्याच आवाजात प्रश्न आला. "तुमी जेवले का?"

दत्तूभाऊंनी टोपी डोक्यावर चढवली.

"काल रातच्यापासून काय खाल्लं तुमी?"

"तू सोडशील तव्हा मी सोडंल," ते म्हणाले. "तू एकटीनंच कामून धरावी?"

"आन बीपीची गोळी?"

"ती जेवल्यावर घ्यायची आसती."

माझ्या ऑफिसात मी बरीच भांडणं बघितली आहेत. तिकिटांवरून, जागांवरून, सामानाच्या वजनावरून. दोन माणसं सात समुद्रांच्या आर-पार एकमेकांच्या उपासावरून भांडताना पहिल्यांदाच बघत होते. आणि मला त्यात बोलायला जागा नव्हती. तेवढ्यात हिराबाईंनी मलाच हाक मारली.

"ताई, तुमच्या भिंतीवर खरे किती वाजले?"

"साडेतीन व्हायला आलेत."

"आन चंद्र?"

"साडेनऊ."

चंद्र उगवला असं म्हणून टाकावं, असं क्षणभर मनात आलं, नाकारत नाही. पण एक खोटं घड्याळ त्या बाईच्या हातावर आधीच होतं.

"आता मला सांगा," हिराबाई म्हणाल्या. "समजा आत्ता ह्यांना तिथं भवळ आली, काय झालं, तर इथून मला घरी यायला किती तास?"

किती तास लागतात! तीस वर्षांत हा प्रश्न असा कोणी विचारला नव्हता. मी नेहमीसारखं चौथं उत्तर दिलं, उंबऱ्यापर्यंतचं. "लगेच जागा मिळाली तरी उद्या दुपार."

"आन कॅल्गरीवरून?"

"परवा."

"परवा," त्या म्हणाल्या. पलीकडून पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला, मग डब्याचा.

"मनीषाचे डिंकाचे लाडू हायेत. त्यातला खाते एक. गणपतीला काय सांगायचं ते माझं मी सांगंल, त्यो ऐकतो माझं. पन ह्यांनी आत्ता तुमच्या म्होरं खायचं. घास तोंडात गेला की मला सांगा. त्याबिगर मी खानार नाय."

माझ्या डब्यात पोळी आणि दोडक्याची भाजी उरली होती. संकष्टीला पोळी कशी, असं विचारण्याच्या स्थितीत दत्तूभाऊ नव्हते. ते बसले, पोळीचा तुकडा मोडला, भाजी घेतली.

"गेला घास," मी फोनमध्ये सांगितलं.

"चावतेत का?"

"चावतायत."

मग तिकडून लाडू खाल्ल्याचा आवाज आला. डिंकाचा लाडू कडक असतो, चांगला ऐकू येतो. दत्तूभाऊ पोळी खात होते आणि डोळे पुसत होते, आणि मी भलतीकडे बघत होते. थोड्या वेळानं हात कापायचे थांबले असं हिराबाईंनी सांगितलं. मी भिंतीवरची वेळ वाचून दाखवली आणि त्यांनी घड्याळ मागे घेतलं. फोनवाल्या बाईंचे आभार मानायला लावून मी फोन ठेवला. खुर्चीवाला आल्याचं, विमान उडाल्याचं मला स्क्रीनवरून आणि नंतर मनीषाकडून कळलं.

पाचव्या दिवशी मनीषाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. दत्तूभाऊ पेढे घेऊन आले, आणि पेढ्यांबरोबर माझ्या डब्यातल्या भाजीची परतफेड म्हणून दोडक्यांची पिशवी. पेढे आम्ही चार दिवसांत संपवले. दोडकी आठवडाभर खात होतो.

मी आता ऑफिस बंद केलं आहे. त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. किती तास लागतात हे लोकांना मोबाइलच सांगतो, पहिली तिन्ही उत्तरं तर क्षणात देतो. उंबऱ्यापर्यंतचं तेवढं त्याला येत नाही, आणि विचारायला कोणी माझ्याकडे येत नाही याची खंत वाटते.

बंद करण्याच्या आधीच्या दिवसांत हिराबाई सहा महिने राहून परत आल्या होत्या. दोघं भेटायला आले. बाळाचे फोटो दाखवून झाले, तिकडच्या बर्फाचं बोलून झालं. हिराबाईंच्या मनगटावर तेच काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं. मी सहज म्हटलं, आल्यावर पुन्हा नाशिकची वेळ लावली असेल.

"बदललंच नाय कव्हा," त्या म्हणाल्या. "मनीषा चिडायची. आई, इथं राह्यतेस तर इथलं लाव. म्हनलं इथलं लावून मला काय कळनार? ह्यांच्या जेवनाची वेळ झाली का, गोळीची झाली का, ते कळाया नको? घड्याळात रातचे नऊ झाले की मी फोन लावायची. तिकडं सकाळ आसायची."

दत्तूभाऊ गोल फिरवत बसले होते. हिराबाईंनी हात टेबलावर माझ्यापुढे केला. पट्टा सैल झाला होता, घड्याळ मनगटावरून घसरत होतं.

"एवढा घट्ट करून द्या, ताई. तिकडं परत सैल झाला, तसाच वापरते. पन ह्यांच्या हातात देत नाय."

मी घड्याळ काढून पट्टा एक घर आत घेतला. परत देताना सवयीनं भिंतीकडे नजर गेली. दोन्ही घड्याळांत सारखेच वाजले होते.